छावणीतला उरेब काप

वैशाखात मराठवाड्यात जाऊ नकोस, असं मला घरीदारी सगळ्यांनी सांगितलं. शेजारच्या काकांनी तर जाताना खिशात कांदा ठेव, ऊन लागत नाही, असं बजावलं. कांदा मी नेला नाही. नेल्या त्या दोन सुती साड्या, एक टोपी आणि पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळलेले प्लास्टिकचे पारदर्शक ताव. पुण्याहून निघालेल्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी नळीकडे बघून विचारलं, "कॅलेंडरं वाटता का?" मी "हो" म्हणून टाकलं. खरं सांगायला बसले असते तर बोलता बोलता त्यांचा थांबा मागे पडला असता.

तुम्हाला मात्र सांगते, कारण त्या तावांसाठीच हा प्रवास झाला. माझं काम प्लास्टिकचं. त्यात मातीचे पापुद्रे मिसळायचे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक, आणि मग तो ताव कोमट-गरम करून एका दिशेनं ताणायचा. ताणला की आतल्या लांबलचक रेणूंचा गुंता सुटतो आणि ते एका अंगावर निजतात. मातीचे पापुद्रेही त्यांच्याशेजारी लोळण घेतात. बाहेरून ताव होता तसाच दिसतो, उलट पातळ होतो, पण ताणलेल्या दिशेनं त्याची ताकद कितीतरी वाढलेली असते. ताणताना खिडकीतून येणारा उजेड त्या तावात लांबत जातो, आणि मी तो बघत बसते. माझ्या आईच्या मते मला डोळे उघडे ठेवून झोपायची खोड आहे, आणि सुदैवानं त्याच खोडीचा मला पगार मिळतो.

संघमित्रा माझी शिकत असतानाची मैत्रीण. तीही याच धंद्यातली. छत्रपती संभाजीनगरात एका कॉलेजात शिकवते. तिच्या आई सुमनबाई, ज्यांना मी मावशी म्हणते, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्यातून उठल्या. हात परत आला, बोलणं परत आलं, पण उजव्या पायाचा पंजा काही उचलेना. चालताना बोटं जमिनीला घासत. डॉक्टरांनी पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लास्टिकचा स्प्लिंट दिला. तो इतका जाड आणि ताठ की सपाटीवर निभावून जाई, पायऱ्यांवर घोटा वाकतच नसे. मावशी त्याला 'बादली' म्हणत. झटका येण्याआधी दर बुद्धपौर्णिमेला त्या विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांत जायच्या. त्यानंतर गेल्या नव्हत्या. यंदा त्यांनी स्वतः मला फोन केला.

"तू आन मित्रा एवढ्या शिकल्या," त्या म्हणाल्या, "मला डोंगर चढायपुरतं काय तरी करा की. यंदा पौर्णिमेला मी घरी बसायची नाय."

म्हणून मी गेले.

छावणी

स्टँडवर मित्रा आली होती, आणि तिच्याबरोबर शकीलभाई. हे तिच्या गल्लीतले रिक्षावाले. मावशींना ते 'खाला' म्हणतात, त्यांना कुठं न्यायचं झालं तर तेच नेतात, दुसऱ्या कुणाच्या रिक्षात त्या बसत नाहीत. त्यांनी माझी नळी हातात घेऊन तोलून बघितली. "इत्ता हलका? खाला का पाँव इसपे खडा रहेंगा?" मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "हौ, देखेंगे." एवढ्या मोकळेपणानं माझ्या प्रयोगावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. मला तो माणूस तिथंच आवडला.

छावणीत शिरल्यावर ऊन जरा माणसात येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठाली कडुनिंबाची झाडं आहेत आणि त्यांच्या सावलीत धूळसुद्धा हळू उडते असं मला वाटलं. मित्राचं घर बाजारामागच्या गल्लीत. दारात निळा झेंडा, खिडकीत वाळ्याचा कूलर, आणि कूलरसमोर, म्हणजे घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी, शिवणयंत्र. मावशींनी सगळं आयुष्य फौजी लोकांच्या बायकांचे ब्लाउज शिवले. पंजाबातून, केरळातून, कुठून कुठून आलेल्या त्या बायकांशी बोलून बोलून त्यांचं हिंदी असं झालंय की ते कुठल्याच प्रांताचं नाही आणि सगळ्यांना कळतं.

"जय भीम, मावशी," मी वाकले.

"जय भीम. वाळली की गं तू! पुण्यात भाकर मिळत नाय व्हय?"

भाकर मिळाली. ज्वारीची, चंद्राएवढी, आणि तिच्याबरोबर वांग्याचं भरीत, काळं तिखट घातलेली आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. मी मूळची मालवणकडची. आमच्याकडे कशातही नारळ पडतो, इथं कशातही शेंगदाण्याचं कूट पडतं. पहिल्या घासाला मी मनातल्या मनात नारळ शोधला, तिसऱ्या घासाला विसरले. जेवताना मावशींनी मला पाय दाखवला. पंजा खाली लोंबत होता, झोपलेल्या मुलाच्या हातासारखा. त्या त्याच्याशी रागावूनच बोलत होत्या: "बघ, आता कसा गरीब. हाक मारली की ऐकत नाय."

संध्याकाळी आम्ही ताव उघडले. मित्रानं कॉलेजातून दोन काळसर काचा आणल्या होत्या, ज्यांतून प्रकाशाची एकच दिशा पार होते. त्या एकावर एक आडव्या-उभ्या ठेवल्या की अंधार होतो. मधे माझा ताव सरकवून दिव्यासमोर धरला आणि त्या अंधारात रंग उमटले. जांभळा, मोरपंखी, पिवळा, पुन्हा जांभळा, लांबलचक पट्ट्यांमध्ये. आतली रचना एका दिशेची झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी हे हजारदा बघितलंय, तरी बघतच राहिले. कूलरचं पाणी टपटपत होतं, बाजारातून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, आणि आम्ही तिघी दिव्याखाली काच फिरवत बसलो होतो. रंग विझत होते, पुन्हा येत होते.

"ह्या रंगाचं कापड मिळंल का कुठं?" मावशींनी विचारलं.

"नाही मिळत, मावशी."

"मंग काय उपेग," त्या म्हणाल्या, पण काच काही त्यांनी लवकर परत दिली नाही.

पाण्याचा दिवस

दुसऱ्या दिवसाची सुरुवात माझ्या अपराधानं झाली. आमच्या मालवणकडे विहिरीचा रहाट ओढला की पाणी, पुण्यात नळ सोडला की पाणी. मी आपली डोळे मिटून, लांबच्या प्रवासाची धूळ काढत, मनसोक्त न्हाले. बाहेर आले तर मित्रा ड्रममध्ये वाकून बघत उभी. या शहरात नळ रोज येत नाही. कधी येणार ते गल्लीला ठाऊक असतं, आणि त्या दिवशी सगळं गाव घरी राहून भांडी भरतं. मी आठवड्याचं अर्धं पाणी अंगावर ओतलं होतं. मावशी हसून म्हणाल्या, "राहू दे गं. समुद्राकडची पोर हाय ती, तिला काय ठाव." शेजारणीनं दोन कळश्या दिल्या. नंतर जितके दिवस राहिले तितके दिवस मी तांब्याभर पाण्यात आंघोळ केली आणि स्वच्छही झाले, हे नमूद करते.

कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मित्रानं आधीच मावशींच्या पायाचा प्लास्टरचा साचा करून ठेवला होता. आता त्यावर ताव बसवायचा. पण ताणलेल्या तावाची एक अडचण असते. जास्त तापला की आतले रेणू पुन्हा आपल्या मूळच्या गुंत्यात परततात आणि ताव आक्रसतो. आमचा पहिला ताव ओव्हनमध्ये पापडासारखा गोळा झाला. दुसऱ्याच्या कडा लोखंडी चौकटीत घट्ट आवळल्या, आच कमी ठेवली, घाई केली नाही. तो साच्यावर नीट बसला. पोटरीची गोलाई, घोट्याचा उंचवटा, टाचेचा खळगा, सगळं त्या काचेसारख्या कवचात उतरलं. वजन इतकं कमी की मित्रानं ते तळहातावर घेऊन फुंकर मारली.

मग तिनं ते दोन्ही हातांनी पिळलं आणि टर्रकन उभी चीर गेली.

हे होणार याची मला भीती होतीच. ताणलेल्या दिशेनं ओढा, बैल लावले तरी तुटणार नाही. पण आडवं उकललं किंवा पिळलं, तर निजलेल्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारं फारसं काही नसतं. मातीचे पापुद्रे नीट सुटे झालेले असले तर चिरेला वळणं घ्यावी लागतात, थोडा अडसर होतो. आमच्या तावात काही ठिकाणी त्यांचे गठ्ठे राहिले होते, आणि गठ्ठ्यापासूनच चीर सुरू झालेली दिसली. सपाट जागी हे चाललं असतं. पायरी चढताना पाय पिळतो, तिथं नाही.

घरी येऊन आम्ही तोंडं पाडून तो तुकडा मावशींना दाखवला. त्यांनी तो यंत्राच्या फळीवर ठेवला, चष्मा लावला, चिरेवरून नख फिरवलं.

"उभी फाटती?"

"हो."

"मंग सरळ काऊन कापता? उरेब कापा की."

उरेब! तो शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी परकराच्या झालरीला, ब्लाउजच्या गळ्याला लावायची ती तिरपी पट्टी, कोनातून कापलेली, म्हणून वळणावर बसणारी. मावशी यंत्रावर हात ठेवून सांगत होत्या की सरळ कापड गळ्याला लावलं तर चुणी पडते, ओढलं तर उसवतं. उरेब लावलं की कापड अंगाबरोबर वळतं, हसतं, रडतं, पण फाटत नाही. मी ऐकतच राहिले. कूलरची हवा, खिडकीतला कडुनिंब, आणि तो जुना, उर्दूतून आलेला, जिभेवर तिरपाच पडणारा शब्द. मला वाटलं, झालं, सापडलं उत्तर. मित्राचाही चेहरा उजळला. ताणलेली दिशा पायाच्या लांबीशी तिरपी ठेवायची, मग पिळताना चिरेला सरळ वाट कुठून मिळणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही नवा ताव उरेब कापला, साच्यावर बसवला, दोन भोकं पाडून पट्टा रिव्हेट केला. हातानं वाकवला तर अगदी मऊ वाकला. मावशींनी तो घालून घरात दोन चकरा मारल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बादली गेली!"

खुलताबादचा चढ

लेण्यांच्या आधी एकदा चढावर चालून बघावं, असं ठरलं. शकीलभाईंच्या बहिणीचं घर खुलताबादला. ते म्हणाले, चला, ती जेवायला बोलावतेय, आणि तिथं चढ भरपूर आहेत. दौलताबादच्या घाटात रिक्षा इतकी हळू चालली होती की बाहेरची सीताफळीची झुडपं आमच्याबरोबर चालल्यासारखी वाटत होती. डोंगर तापून तापून करडे पडले होते. रिक्षाच्या डुगडुगीत माझा डोळा लागला, आणि जागी झाले तेव्हा आम्ही एका जुन्या वेशीतून आत शिरत होतो, अंगावर गार सावली होती. काही क्षण मला आपण कुठल्या गावात, कुठल्या सालात आहोत तेच कळेना. तसं न कळणं मला फार आवडतं.

बहीण, रुखसानाबी, दारातच उभी होती. नान आणि खलिया. तेलाचा लालभडक तवंग असलेला तो रस्सा आणि पिवळसर, हातात मावणारा नान. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करताना "अजून थोडं" म्हणतात. इथं विचारत नाहीत, वाढतात. मावशी आणि रुखसानाबी हातशेवयांवर बोलत होत्या. दोघींच्याही घरी गच्चीवर त्या वाळत होत्या, एकीच्या खिरीसाठी, एकीच्या शीरखुर्म्यासाठी, आणि वाळताना कुणाच्या जास्त तुटतात यावर गोड वाद चालला होता. मी भिंतीला टेकून ऐकत होते. असं वाटत होतं की पाय, ताव, पौर्णिमा सगळं आपोआप जमणार आहे.

जेवणानंतर आम्ही बाजाराच्या चढावर निघालो. मावशी पुढं, मित्रा त्यांच्या डाव्या हाताला. थोडं चढलो असू. एका पानाच्या दुकानापाशी रस्ता वळतो, तिथं मावशींनी उजवा पाय टाकला, वळल्या, आणि आवाज आला. तोच, टर्रकन. रिव्हेटच्या भोकापासून तिरपी चीर निघाली आणि स्प्लिंट दोन तुकड्यांत उघडला. पाय आतून सुटला, पंजा मुडपला. मित्रानं त्यांना कमरेला धरलं म्हणून त्या रस्त्यावर पडल्या नाहीत, दुकानाच्या फळीवर बसल्या. दुकानदारानं पाणी दिलं. शकीलभाई धावत आले. "खाला, लगा क्या? बैठ जाव, आस्ते, आस्ते."

लागलं नव्हतं. पण मावशींनी दुकानाची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. मग फाटका तुकडा उचलून म्हणाल्या, "उरेब कापड असं फाटत नाय कधी."

"कापडात उभा ताणा असतो आणि आडवा बाणा असतो, मावशी," मी म्हटलं. "तिरपं ओढलं की दोन्ही मिळून सांभाळतात. ह्यात नुसताच ताणा आहे. बाणा नाही. तिरपा कापला तर चीर तिरपी जाते, एवढंच."

"हे तुला आत्ता कळलं?"

"नाही. माहीत होतं."

"तुला गं?" त्यांनी मित्राला विचारलं. मित्रानं मान खाली घातली. ती हे दरवर्षी वर्गात शिकवते.

"मंग कापला कशापायी?"

"तुम्ही उरेब म्हणालात," मी म्हटलं, "ते ऐकायला इतकं छान वाटलं की..."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "शब्दाला भुलल्या!" त्या म्हणाल्या. "दोघी बी! आन मी बी येडी, पलाष्टिकला कापड समजले." दुकानदार हसला, शकीलभाई हसले, मावशींनाही हसू फुटलं. पण रिक्षात बसताना त्यांनी सोबत आणलेली जुनी 'बादली' मागून घेतली आणि घाटभर ती मांडीवर ठेवून बाहेर बघत राहिल्या. मित्रा माझ्या कानाशी पुटपुटली, "मी आता तिला चढू देणार नाही, नीलू. पडली असती तर?" मावशींना ऐकू आलं. त्यांनी 'बादली' आणखी जवळ ओढली, आणि मला तेच जास्त लागलं. पौर्णिमा परवावर आली होती.

बाणा

संध्याकाळी अंगणात मायलेकींचं वाजलं. मित्रा म्हणाली, विहारात वंदना होते, तिथं जाऊ, पायऱ्या नाहीत. मावशी म्हणाल्या, विहारात मी दर रविवारी जाते. मित्रा म्हणाली, हट्ट करू नकोस. मावशी म्हणाल्या, "झटका आल्यापास्नं सगळे मला हेच म्हणतात. बस. नको. राहू दे. पाय माझा मेलाय, मी नाय मेले." मित्रा रडायला लागली. कुरडयांच्या पाटांमधून वाट काढत मी आत जाणार, तर मावशींनी मला हाक मारली.

"बाणा नाय म्हणली ना त्यात?"

"नाही."

"मंग घाला की."

आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केलं, आणि या वेळी जागेपणी केलं. माझ्याकडच्या तावांतले सगळ्यात पातळ निवडले. प्रत्येक ताव काचांमध्ये धरून बघितला, रंगाच्या पट्ट्यांत जिथं धुरकट ठिपका दिसेल ती जागा, गठ्ठा समजून, बाद केली. मग एक ताव सरळ, पायाच्या लांबीनं. त्याच्या एका बाजूला उरेब, डावीकडे कललेला. दुसऱ्या बाजूला उरेब, उजवीकडे कललेला. म्हणजे एकाची चीर दुसऱ्याच्या आडवी यावी. मधे चिकटायला न ताणलेल्या प्लास्टिकचा बारीक पडदा, जो लवकर वितळतो, तावांना धक्का लावत नाही. भोकं अजिबात पाडली नाहीत. पट्टा बाहेरूनच गुंडाळायचा.

दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. सुटीचे दिवस, बाहेर गुलमोहर लालजर्द, आणि उन्हात सगळं कॉलेज झोपलेलं. ताव दाबून चिकटवणारं प्रेस थंड होण्याची वाट बघत आम्ही फरशीवर पाय पसरून बसलो आणि मित्रा म्हणाली, "माय पडेल ही भीती नाही गं. ती चढायचं सोडून देईल ही भीती आहे. आणि मीच तिला सोड म्हणत होते." मी तिचा हात धरला.

साच्यातून काढला तेव्हा स्प्लिंटला किंचित पीळ आला होता. दोन बाजूंना दोन उलट उरेब, मग निवताना थोडी ओढाताण होतेच. मावशींनी घालून बघितला. "वाकडा हाय जरा," त्या म्हणाल्या. "चालंल. माझा पाय बी वाकडाच हाय." मित्रानं तो हातानं पिळला, पुन्हा पिळला, पायाखाली घेतला, तोंड लाल होईपर्यंत पिळला. चीर गेली नाही. मग तिनं तो आईसमोर ठेवला आणि भाकरी थापायला गेली.

पौर्णिमा

पहाटे निघालो. मावशींनी पांढरीशुभ्र साडी नेसली होती आणि कॅनव्हासचे बूट, उजव्यात स्प्लिंट. मकबऱ्याच्या मागं डोंगर अजून निळसर होता. पायथ्याशी रिक्षा, मोटारसायकली, पांढऱ्या कपड्यातली कुटुंबं, एका टेबलावर खिरीचं पातेलं. सगळीकडून आवाज येत होते, "जय भीम, सुमनबाई! आलात व्हय यंदा!" मावशी प्रत्येकीला "आले, आले" म्हणत होत्या. शकीलभाई म्हणाले, "मैं नीचे हूँ, खाला. आवाज देना."

चढायला सुरुवात झाली. डावा पाय वर, मग उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मित्रा मागं, मी एक पायरी पुढं, उलटी चालत, नजर त्यांच्या घोट्यावर. ताण असह्य झाला की असं प्लास्टिक आतून उकलायला लागतं आणि त्या जागी पांढरी रेघ दिसते. मी त्या रेघेची वाट बघत होते. मला आजूबाजूचं काही दिसत नव्हतं.

"माझ्याकडं बघ की," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "पायाकडं काय बघती सारखी!"

मी वर बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या हसत होत्या. मधे एकदा कट्ट्यावर बसलो. खाली मकबऱ्याचा घुमट धुक्यात तरंगत होता. खरं तर ती धूळ होती, पण सकाळच्या उजेडात मी तिला धुकं म्हटलं आणि कुणी हरकत घेतली नाही. शहर अजून उठायचं होतं. मावशींनी मला कुठून सूर्य येतो ते दाखवलं, आणि पुन्हा उठल्या.

रेघ आली नाही. आम्ही वर पोचलो. लेण्याच्या दारात मला एवढा आनंद झाला की मी मित्राला मिठीच मारली. मग बघितलं तर सगळे पायातलं काढत होते.

स्प्लिंट बुटात बसतो. बुटाविना तो दगडावर सटकतो. मित्रानं आणि मी एकमेकींकडे बघितलं. इतके दिवस पिळणं, ताणणं, चिरा, उरेब, आणि या दारातल्या क्षणाचा आम्ही दोघींनी विचारच केला नव्हता.

"माय, इथूनच वंदन कर," मित्रा म्हणाली.

"बुद्धाम्होरं बूट घालून जाऊ व्हय?" मावशी म्हणाल्या. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यांच्या आवाजातच ते कळत होतं. त्या दगडावर बसल्या, पट्टा सोडला, बूट काढला, स्प्लिंट काढून माझ्या हातात दिला. मग मित्राच्या खांद्यावर हात टाकून उठल्या आणि आत निघाल्या. पंजा दगडावर घासत होता. तो आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. आत मूर्तीसमोर दगडाचीच माणसं गुडघे टेकून, हात जोडून बसलेली आहेत, कित्येक शतकांपासून. मावशी त्यांच्या रांगेत जाऊन टेकल्या. त्रिशरण सुरू झालं.

मी दारातच उभी राहिले. स्प्लिंट अजून कोमट होता, त्यांच्या पायाच्या उबेनं. जरा वाईट वाटलं, खोटं का बोलू. जिथं त्यांना पोचायचं होतं तिथं आमचं काही आत गेलं नव्हतं. आणि त्याच वेळी मला रडू आलं, ते वाईट वाटल्याचं नव्हतं. माझ्या शेजारून एक बाई आत गेली, तिनं न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे धुतल्यासारखे दिसत होते. पुन्हा दगडावर बसून त्यांनी पाय पुढं केला.

"घाल. उतरायचं बी हाय."

मी पट्टा आवळता आवळता थांबले. आमचं सगळं बोलणं चढण्याचं होतं. चढताना चांगला पाय पुढं जातो, अधू मागून येतो. उतरताना उलटं. पहिल्यांदा खाली जातो तो अधू पाय, आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो. मित्रानं ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "बसत बसत उतरू, माय," ती म्हणाली, "सावकाश."

"बसत बसत आले व्हते का मी?" मावशींनी विचारलं. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक मित्राच्या. समोर सगळं शहर उजळत होतं आणि त्या तिकडेच बघत होत्या. खाली न बघता त्यांनी उजवा पाय पहिल्या पायरीवर टाकला. ताव वाकला, पुन्हा सरळ झाला, आणि त्या दुसऱ्या पायरीला निघाल्यासुद्धा होत्या.